नळीवरचं चार भोकांचं टोपण

दुसऱ्यांदा पिस्तूल अडकलं तेव्हा नोला एचार्टला आधी रागच आला नाही. आधी आश्चर्य वाटलं. रिकामं काडतूस बाहेर फेकलं जाण्याऐवजी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, तोंडात उभं चिमटून राहिलं होतं. तिने झटक्यात स्लाइड मागे ओढून ते झाडून टाकलं, उरलेल्या दोन पाट्यांवर गोळ्या घातल्या, आणि मागे टायमर धरून उभ्या असलेल्या फेय ओस्ट्रँडरने त्यावरचा आकडा वाचला, "सात पूर्णांक चार."

एरवी नोलाला त्या पाच पाट्यांवर गोळ्या मारायला तीन सेकंद लागत.

खेळ साधा होता. टेकडीच्या पोटात खोदलेले चार गाळे, प्रत्येकात पांढऱ्या रंगाच्या पाच लोखंडी पाट्या. टायमर वाजला की पिस्तूल काढायचं, पाचही पाट्यांवर गोळी ठणकवायची, लाल खांबावरची पाटी सगळ्यांत शेवटी. प्रत्येक गाळ्यात पाच फेऱ्या. सगळ्यांत वाईट फेरी सोडून द्यायची, उरलेल्या चारांची बेरीज. चारही गाळ्यांचे मिळून ज्याचे सेकंद कमी तो पुढे. राज्य स्पर्धेला एल्को गावच्या नेमबाजी क्लबकडून चौघं जायची होती. तीन नावं कधीच ठरली होती. चौथ्या जागेसाठी आजच्या बेरजेवर नोला किंवा वेंडेल स्टॉफर.

पहिल्या गाळ्याचा निकाल फेयने फळ्यावर खडूने लिहिला. वेंडेल बारा पूर्णांक नऊ. नोला सोळा पूर्णांक एक. एक अडकलेली फेरी सोडून देता आली होती, पण अडकलेल्या फेऱ्या दोन होत्या.

म्हणजे तीन पूर्णांक दोन सेकंदांची पिछाडी. उरलेल्या, बेरजेत धरल्या जाणाऱ्या बारा फेऱ्यांत वेंडेलपेक्षा प्रत्येक वेळी पाव सेकंदाहून जास्त वेगाने मारायचं. नोलाने हा हिशोब फळ्यापासून सेफ्टी टेबलापर्यंत चालता चालता तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा तेवढाच आला.

सेफ्टी टेबलावर पिस्तूल उघडायला परवानगी होती, काडतूस मात्र जवळ आणायलाही नाही. तिने पिस्तूल टेबलावर ठेवून नळीकडे पाहिलं. नळीच्या तोंडावर काळं, अंगठ्याएवढं टोपण आटे फिरवून बसवलेलं होतं. वरच्या अंगाला दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक भोक. कॉम्पेन्सेटर. तो शुक्रवारी संध्याकाळी पोस्टाने आला, तिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला, आणि शनिवारी सकाळी, म्हणजे आज, ती थेट स्पर्धेला आली. सोन्याच्या खाणीच्या प्रयोगशाळेत ती रोज खडकाचे नमुने तपासत असे, आणि न तपासलेल्या तराजूवर तिने आयुष्यात कधी वजन केलं नव्हतं. आज मात्र केलं होतं.

मागवण्याचं कारण तिचं मनगट. हिवाळ्यात बर्फावरून घसरून ते मोडलं होतं, आत दोन स्क्रू होते. तेव्हापासून ती काडतुसं घरीच भरायची आणि त्यांत बंदुकीची दारू कमी घालायची, म्हणजे धक्का हलका बसे. ही हलकी काडतुसं तीन महिने साध्या नळीतून बिनतक्रार चालली होती. त्यावर कॉम्पेन्सेटर बसवला की धक्का आणखी कमी होईल, पिस्तुलाचं नाक वर उडणार नाही, पुढची पाटी लवकर दिसेल, असं तिचं सरळ अनुमान होतं. हलक्यात आणखी हलकं.

"नोला!" वेंडेल टेबलापासून दहा पावलांवर थांबला होता. त्याच्या हातात पुठ्ठ्याचे दोन डबे होते आणि काडतुसं घेऊन तो त्याहून पुढे येणार नव्हता. वेंडेल त्रेपन्न वर्षांचा, त्याच खाणीत डोंगराएवढे ट्रक चालवणारा. क्लबात तो सगळ्यांची टर उडवायचा आणि नोलाची जरा जास्तच. "सोनं तपासून झालं असेल तर इकडे ये."

ती गेली. तो म्हणाला, काल पोस्टमनने तुझ्याकडे काय टाकलं ते गावाला माहीत आहे, पण त्याबरोबर अक्कल पाठवायची पद्धत नाही. मग त्याने स्वतःचा अनुभव सांगितला. चार वर्षांपूर्वी त्यानेही असंच टोपण लावलं होतं. पहिल्या दिवशी तो हवेत होता. नाक जागचं हलत नाही, नेम धरायच्या काचेतला लाल ठिपका पाटीवरच बसलेला राहतो, दोन गोळ्यांमध्ये डोळा पाटीवरून उठतच नाही. पुढच्या महिन्यात तक्रारी सुरू झाल्या. शेजारी उभं राहणाऱ्याचे कान बधिर व्हायचे. काचेवर काजळी धरायची. कमरेच्या म्यानात पिस्तूल बसेना म्हणून म्यानाचं बूड कापावं लागलं. टोपणाच्या आत शिशाचा थर जमला की खरवडत बसायचं. शेवटी त्याने ते काढून विकलं.

"आणि अडकायचं?" नोलाने विचारलं.

"हलकी काडतुसं घातली की हटकून. तुझी किती हलकी आहेत?"

तिने सांगितलं. वेंडेलने टोपी मागे सरकवली आणि तो तिच्याकडे असा बघत राहिला की जणू तिने गाडीत पेट्रोलऐवजी पाणी भरलं होतं.

"अगं पोरी, ते टोपण काय जादूने चालतं का?"

आणि त्या क्षणी नोलाला सगळं दिसलं, इतकं स्पष्ट की तिला हसू आलं. टोपण चालत होतं वायूवर. गोळीमागून सुटणारा जोरकस वायू वरच्या भोकांतून उसळतो आणि त्या उसळीने नाक खाली दाबलं जातं. तिने दारू कमी केली म्हणजे वायूच कमी केला. दाबायला काही उरलंच नाही. वर टोपणाचं वजन नळीला लटकलेलं, आणि मुळातच अशक्त धक्क्याला ते ओझंही ढकलायचं. स्लाइड अर्ध्यात थकत होती. हलक्यात आणखी हलकं होत नव्हतं. एकाने दुसऱ्याचं जेवण काढून घेतलं होतं.

वेंडेलने डबे पुढे केले. कारखान्याची, पूर्ण दमाची काडतुसं, शंभर. ट्रकच्या सीटमागे पडलेली असतात, म्हणाला. घरी भरलेली दुसऱ्याला द्यायची नाहीत आणि दुसऱ्याची घ्यायची नाहीत, एवढं त्या दोघांनाही पाळायचं होतं. कारखान्याच्या डब्याला मात्र हरकत नव्हती.

नोलाने डबे लगेच घेतले नाहीत. टोपण काढून टाकलं तर तिची हलकी काडतुसं पुन्हा चालतील, हे तिला माहीत होतं. पण तशी तिची फेरी तीन सेकंदांची, वेंडेलचीही जवळपास तेवढीच. पिछाडी जशीच्या तशी राहणार. आणि ही दमदार काडतुसं तिने मनगट मोडल्यापासून एकदाही उडवली नव्हती.

"तू मला का देतोयस?" तिने विचारलं. "गप्प बसलास तर जागा तुझीच आहे."

"पिस्तूल अडकलं म्हणून जिंकलो, हे मी घरी कोणत्या तोंडाने सांगू? बायको आधीच ऐकत नाही माझं." तो वळला. "आणि तू ती वापरूनही हरशील. मग बरं वाटेल मला."

दुसऱ्या गाळ्यात नोला वेंडेलची काडतुसं भरून नेमबाजासाठी जमिनीवर रंगवलेल्या चौकोनात उभी राहिली. मनगटात कळ येणार, ती किती येणार एवढाच प्रश्न. टायमर वाजला. पिस्तूल वर आलं, पहिली गोळी सुटली.

आवाज प्रचंड होता. तोंडावर गरम हवेचा फटकारा बसला. आणि लाल ठिपका जागचा हलला नाही.

तो पाटीवरच होता. हातात धक्का आला, पण सरळ मागे, तळहातात मुरून गेला. मनगटाला वर मुरड पडलीच नाही. नोला इतकी चकित झाली की दुसऱ्या पाटीवर जायला क्षणभर विसरली. मग ठण, ठण, ठण, ठण. जास्त ताकदीचं काडतूस, आणि पिस्तूल अधिक शांत. हा उलटा हिशोब तिच्या हाताला कळला होता आणि डोक्याला तो इतका आवडला की दुसऱ्या फेरीपर्यंत तिला धीर धरवेना.

फेय सदुसष्ट वर्षांची होती, पोस्टातून निवृत्त झालेली, आणि टायमर धरून नेमबाजाच्या उजव्या खांद्यामागे उभं राहणं हे तिचं काम. पहिल्या फेरीनंतर ती दोन पावलं मागे सरकली.

"लागलं का तुम्हाला?" नोलाने विचारलं.

"मला नाही. माझ्या भुवया उरल्यात का ते बघतेय," फेय म्हणाली. "मार."

दुसरा गाळा अकरा पूर्णांक सहा. वेंडेल बारा पूर्णांक आठ. तिसऱ्यात ती अकरा नऊ, तो बारा सात. पिछाडी तीन पूर्णांक दोनवरून दोन सेकंदांवर आली, दोनवरून एक पूर्णांक दोनवर. दर फेरीनंतर ती काचेवरची काजळी सदऱ्याच्या टोकाने पुसत होती. आता बाकीचे नेमबाज सॉसेजचे पाव अर्धवट ठेवून फळ्यापाशी गोळा झाले होते. पैज कुणी लावत नव्हतं, पण बेरीज सगळेच करत होते.

चौथ्या गाळ्यात वेंडेल आधी उभा राहिला. दुपारच्या उन्हासाठी या एकाच गाळ्यावर क्लबने पत्र्याचं छप्पर घातलं होतं. त्याची एक गोळी चुकली, दोन फेऱ्या संथ पडल्या. तेरा पूर्णांक चार. तो फळ्याकडे न बघता बाहेर आला आणि नोलाला म्हणाला, "बारा पूर्णांक वीसच्या आत हवं तुला. मी बेरीज करून ठेवलीय, तुझा वेळ वाचावा म्हणून."

पहिली फेरी दोन पूर्णांक नव्वद. दुसरी तीन दहा. पण दुसऱ्या फेरीत तिच्या नाकावर काहीतरी पडलं होतं, आणि तिसऱ्यात त्याचा उलगडा झाला. पहिल्या गोळीसरशी छपरातून धूळ, वाळलेलं गवत आणि पाखरांच्या घरट्याचा चुरा खाली कोसळला. टोपणातून वर उसळणारा वायू थेट पत्र्यावर आदळत होता. ठिपक्याची काच मातीने भरली, चौथ्या पाटीवरची गोळी हुकली, पुन्हा मारावी लागली. तीन चाळीस.

वेंडेलच्या पिस्तुलाला टोपण नव्हतं, त्याच्यावर कणभर धूळ पडली नव्हती. मागून तो म्हणाला की हा तोटा माझ्याही यादीत नव्हता, लिहून ठेवतो. लोक हसले. नोलाही हसली, पण तिने काच पुसत वर पाहिलं. छपराची कड कुठे संपते ते पाहिलं. मग खाली, पायाखालच्या रंगवलेल्या चौकोनाकडे. चौकोनाची पुढची रेघ छपराच्या कडेच्या बरोबर खाली होती.

नेहमी ती चौकोनाच्या मध्यावर उभी राहायची. सगळेच राहायचे. नियम एवढाच होता की पाय रेघेच्या आत हवेत.

ती पुढे सरकली, बुटांची टोकं रेघेला चिकटतील इतकी. हात लांब केला की नळीचं तोंड पत्र्याच्या बाहेर, उघड्या आकाशाखाली येत होतं. तिने फेयला विचारलं, चालेल का. फेयने वाकून बूट पाहिले, रेघ पाहिली, आणि मान डोलावली.

चौथी फेरी दोन पंचाण्णव. धूळ नाही.

आता बेरीज बारा पस्तीस होती, आणि एकच फेरी उरली होती. ती तीन पंचवीसच्या आत आली तर तीन चाळीसची फेरी गळून पडणार आणि जागा तिची. नोलाने काच शेवटची पुसली. 

"तयार?" फेय म्हणाली.

टायमर वाजला. ठण. ठण. तिसरी पाटी डावीकडे लांब, ठिपका तिथे तिच्या आधीच जाऊन बसल्यासारखा. ठण. चौथीवर तिने अर्धा श्वास जास्त घेतला, कारण मघाशी हीच हुकली होती. ठण. लाल खांबावरची पाटी. ठण.

 तिने मॅगझिन काढलं, पिस्तूल रिकामं करून फेयला दाखवलं, म्यानात ठेवलं, आणि मगच मागे वळली. फेय टायमर डोळ्यांपासून लांब धरून वाचत होती, चष्मा धुळीने भरला होता म्हणून.

"तीन शून्य आठ."

वेंडेलने तिच्याआधी बेरीज केली. तिचे एक्कावन्न पूर्णांक त्रेसष्ट, त्याचे एक्कावन्न पूर्णांक ऐंशी. सतरा शतांश. तो सरळ फळ्यापाशी गेला, फेयच्या हातातून खडू घेतला आणि चौथ्या जागेपुढे स्वतःच्या हाताने एचार्ट लिहिलं, वाकडंतिकडं.

मग तो परत आला. "डब्यात किती उरली?"

"चोवीस."

"चल तर तिसऱ्या गाळ्यात," तो म्हणाला. "तिथे छप्पर नाही. मला पुन्हा एकदा त्या टोपणाने मारून बघू दे."