सातवे स्वयंपाकघर

धाकटीने टेबलावर बावीस स्वयंपाकघरांचे फोटो मांडले होते, आणि त्यातले बाविसावे तिचे स्वतःचे होते. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

ज्या लघुपटासाठी ती जागा शोधत होती, त्या पंधरा मिनिटांच्या लघुपटात घर एकच होते, आणि सारे काही त्या घराच्या स्वयंपाकघरात घडायचे होते. खिसा इतका हलका, की जागा गोड बोलूनच मिळवायच्या. आणि गोड बोलण्यात धाकटीचा हात धरणारे कुणी नव्हते. आधीच्या चित्रीकरणांसाठी तिने लसीकरणाच्या दिवसांत डॉक्टरांचा दवाखाना मिळवला होता, शिंप्याचे दुकान ऐन हंगामात बंद ठेवायला लावले होते. दिग्दर्शन करणारी मुलगी तिच्या मैत्रिणीची लेक. ती तिला मावशी म्हणे आणि जागांच्या बाबतीत डोळे मिटून तिच्यावर विसंबे.

बाविसाव्या फोटोवर मुलीचे बोट क्षणभर थांबले.

"हे सुंदर आहे. पण इथे अजून कुणी रडलेलं नाही," ती म्हणाली, आणि बोट उलटे मागे गेले, थेट सातव्यावर. "हे कुणाचं? मावशी, हेच."

सातवे ताईचे होते. ताई चहा टाकत असताना, केवळ आकडा भरावा म्हणून टिपलेले. शेगडीमागे तेलाचा जुना डाग, खिडकी खडखडू नये म्हणून फटीत कोंबलेली वर्तमानपत्राची घडी, सुतळीने बांधलेली खुर्ची. आणि त्या साऱ्यावर तिरपा, थकून टेकलेला प्रकाश.

लहानपणी दोघी बहिणींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवले जात. शेजारच्या बायका ताईला थांबवून विचारत, कापड कुठून आणलं गं? तेच कापड अंगावर घेऊन धाकटी शेजारी उभी असे. पुढे तिने तीन वर्षे फरशी-फरशी निवडून आपले स्वयंपाकघर उभे केले, तेव्हा सर्वांत आधी ताईलाच बोलावले. "किती सुंदर झालंय," ताई मनापासून म्हणाली, आणि तितक्याच मनापासून आपल्या तेलकट भिंतीकडे परत गेली. ताईला हेवा वाटला नाही, हेच धाकटीला कधी पचले नाही.

"माझं?" धाकटी विचारायला घरी गेली तेव्हा ताई हसली. "तुझं सोडून माझं? त्या पोरीचे डोळे तपासून घे आधी."

"तिला असंच हवंय. जुनाट."

"जुनाट आहे खरं. तुझ्या भाऊजींना विचार. खिडकी करतो म्हणाले त्याला पाच वर्षं झाली."

"सहा," आतून भाऊजींचा आवाज आला. "बदनामी करायची तर नीट मोजून कर."

एरवी धाकटी गैरसोयी शेवटी सांगे, कापसात गुंडाळून. आज तिने त्या आधी आणि उघड्याच ठेवल्या. "चौदा माणसं येतील. दिवसभर ओटा तुझा राहणार नाही. भिंतीत खिळे ठोकतील. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फ्रिज बंद."

"फ्रिज का?"

"त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येते."

ताईचा हात कपावरच राहिला. "ह्यांची इंजेक्शनं असतात गं त्यात. महिन्याभराची."

एकच वाक्य पुरे होते: आम्ही बर्फाची पेटी आणतो, त्यात ठेवू. दवाखान्यातला फ्रिज बंद ठेवला तेव्हा लसींसाठी ती पेटी धाकटीने स्वतः दोन जिने चढवून नेली होती. वाक्य जिभेच्या टोकाशी आले आणि तिथेच बसून राहिले. तिने खिडकीतल्या त्या घडीकडे पाहिले.

"मग कठीण आहे," ती म्हणाली.

"तुझं काम अडेल ना पण."

"अडू दे. औषधापुढे सिनेमाचं काय एवढं?"

ताईचे डोळे भरून आले. तिने धाकटीच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला.

मुलगी दोन दिवस गाल फुगवून बसली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग तुमचंच द्या, मावशी."

रविवारी सकाळी सात वाजता धाकटीने नवी साडी नेसून दार उघडले. साडेसातला तिच्या पांढऱ्या फरशांवर तपकिरी पाण्याचे हात फिरू लागले. न खडखडणाऱ्या खिडकीत वर्तमानपत्राची घडी कोंबली गेली. जेवणाच्या खुर्चीला सुतळी बांधली गेली. फ्रिजच्या दारावर सातवा फोटो चिकटवला होता; प्रत्येक जण तो पाहून मगच वस्तू ठेवी. दहा वाजेपर्यंत तिचे स्वयंपाकघर इतके ताईचे झाले, की साखरेचा डबा घ्यायला तिचा हात ताईच्या घरी फडताळ असते त्या दिशेने गेला.

तेवढ्यात ताईच आली. हातात पिशवी, पिशवीत काळवंडलेले पातेले. "पोरीचा फोन आला होता. म्हणाली, घर नाही तर भांडं तरी द्या." मुलगी तिला हाताला धरून ओट्यापाशी घेऊन गेली.

ध्वनिमुद्रकाने फ्रिजचे बटण बंद केले आणि धाकटीपुढे हात पसरला. "मावशी, किल्ली." जिचे घर, तिच्या घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो पुन्हा सुरू करायला कुणी विसरत नाही, ही त्याची रीत. मग त्याने टेबलाखालून पेटी ओढली. "दूध यात ठेवतो. दवाखान्यातल्या लसी यातच होत्या ना? दिवसभर बर्फ हलला नव्हता."

ताईने पेटीकडे पाहिले. मग झाकण उचलून आत पाहिले. आत नुसता बर्फ होता, स्वच्छ आणि भरपूर. तिने फ्रिजमधले दूध आपल्या हाताने त्यात ठेवले, झाकण लावले, आणि ओले हात पदराला पुसले.

"एवढं मनात होतं तर मला सांगायचंस," ती हळूच म्हणाली. "मी आपणहून नकार दिला असता."

धाकटीने जे चोरून घेतले, तेही ताईने आपणहून देऊन टाकले होते. आणि दिलेले तिच्या हातात किती शोभून दिसत होते.

"शांतता," कुणीतरी म्हणाले. फ्रिज गप्प होता. शेगडीवर ताईचे पातेले होते, खिडकीतून तिरपा प्रकाश त्यावर येत होता.

"मावशी," कॅमेऱ्यामागून मुलगी म्हणाली, "जरा बाजूला व्हा. तुमची सावली येतेय."

धाकटी बाजूला झाली.