नेग्लिजिबल नावाचा शिक्का

मित्रांनो, लोखंडी टेबलाच्या खालच्या खणात, सुकलेल्या शाईच्या पॅडशेजारी जो लाकडी मुठीचा शिक्का आडवा पडला आहे, तो मीच. माझ्या रबरावर एकच इंग्रजी शब्द आहे : नेग्लिजिबल. म्हणजे इतकं क्षुल्लक, की दुर्लक्ष केलं तरी चालेल. असा शब्द आयुष्यभर तोंडावर वागवणाऱ्याने संशयी नाही व्हायचं, तर कोणी व्हायचं?

माझा जन्म डोंबिवली पूर्वेला, पोपटशेठच्या हातभर रुंद दुकानात झाला. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात, त्यामुळे सगळ्या गोष्टी उलट्या बाजूने बघायची खोड मला उपजतच आहे. मला बनवून घ्यायला विश्रामसर आले होते. मानपाड्याजवळ रंग बनवणारा एक कारखाना आहे, तिथले ते सुरक्षा अधिकारी. शब्दात दहा अक्षरं आहेत म्हटल्यावर पोपटशेठ कुरकुरले, "साहेब, एवढा लांबलचक कशाला? मायनर करून देतो ना. सुटसुटीत."

"नको," सर घाईने म्हणाले. "मायनर सगळ्यांना कळतं."

मित्रांनो, माझं रबर अजून गरम होतं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारखान्यात पद्धत अशी होती. कामगाराला काही खटकलं, की तो मराठीत चिठ्ठी लिहायचा. ऑफिसात तिचं इंग्रजी व्हायचं आणि इंग्रजीत जाता जाता ती आटायची. 'डोळ्यांची आग होते' याचं व्हायचं 'स्लाइट इरिटेशन'. 'पाइप सारखा गळतो' याचं 'ट्रिव्हिअल सीपेज'. शेवटी माझा ठसा. तो बसला, की कागद वरच्या मजल्यावर न जाता फायलीत जाऊन झोपायचा. सर माझं फार कौतुक करायचे. दसऱ्याला यंत्रांबरोबर मलाही झेंडूचं फूल वाहायचे. फूल मिळालं, की मला वाटायचं, यंदा माझ्याआड काय काय दडवायचा बेत आहे?

दोन वर्षांपूर्वी चिठ्ठ्यांचं इंग्रजी करायला रोवेना आली. ठाण्याच्या बाळकुमची मुलगी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. सरांनी पहिल्याच दिवशी तिला समजावलं, "लहानसहान गोष्टींसाठी इंग्रजीत भरपूर शब्द आहेत बघ. वापरताना हात आखडता घेऊ नकोस." असं म्हणून ते हसले. ते हसणं काही मला सरळ वाटलं नाही. रोवेनाही त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तेव्हापासून ती मला थोडी आपली वाटू लागली.

सात नंबरच्या व्हॉल्व्हवर तानाजीमामा कामाला होते. त्या व्हॉल्व्हमधून रसायनाची वाफ निसटायची. दर महिना-दीड महिन्याने मामांची चिठ्ठी यायची : वाफ वाढली, डोळे चुरचुरतात, बघून घ्यावे. माझा ठसा बसेपर्यंत ते टेबलापाशी उभे राहायचे. आणि रोवेनाला सांगायचे, "मॅडम, जरा ठळक मारा हां." मग आपली प्रत घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचे. मला वाटायचं, हा माणूस कागद कशाला जमवतोय? याच्या मनात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. आज सांगायला शरम वाटते, पण त्या कारखान्यातल्या सगळ्यात सरळ माणसावर मी सगळ्यात जास्त संशय घेतला.

गेल्या वर्षी मामा अकरावी चिठ्ठी घेऊन आले. डोळे लालभडक झाले होते, पाणी खळत नव्हतं. सही कुठे करायची तेही त्यांना दिसेना. रोवेनाने त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. मग मामांनी पिशवीतले दहा कागद टेबलावर मांडले.

"मॅडम, दहा वेळा मंजूर झालंय. हे बघा, शिक्के आहेत. मग काम कधी सुरू होणार?"

रोवेनाने मला शाईत बुडवून उचललं होतं. मी तसाच हवेत राहिलो.

"मामा, ह्याचा अर्थ तुम्हाला कोणी सांगितलाच नाही?"

"साहेबांनी पास केलं, असाच ना?"

"नाही हो." ती म्हणाली. "ह्याचा अर्थ, किरकोळ आहे. लक्ष द्यायची गरज नाही."

मामांनी एकेका शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दहाही वेळा?"

आतून सरांची हाक आली, "रोवेना, उगाच बाऊ करू नकोस. शिक्का मार आणि पाठव त्यांना."

नोकरी जाईल याची तिला धास्ती होती. तिच्या बोटांचा घाम माझ्या मुठीला लागत होता. पण तिने मला टेबलावर ठेवलं, अकराही कागद उचलले आणि मामांना घेऊन थेट वरच्या मजल्यावर गेली. तासाभरात सात नंबर बंद झाला. फिटरने व्हॉल्व्ह उघडला, तर आतलं गॅस्केट, म्हणजे गळती थांबवणारी चकती, नखाने भुगा होण्याइतकी सडलेली. ही पाळी संपायच्या आतच व्हॉल्व्ह फुटला असता, असं तो म्हणाला.

माणसं वाचली. मामांचा डावा डोळा मात्र वाचला नाही. डॉक्टरांचा कागद आला, तेव्हा सरांनी सवयीने तो रोवेनापुढे सरकवला आणि मला हातात घेतलं.

"सर, तुम्हीच सांगा," रोवेना म्हणाली. "एका डोळ्यासाठी इंग्रजीत कुठला शब्द लिहू?"

 सरांनी स्वतःच मला या खणात टाकलं आणि त्यानंतर कोणी खण उघडला नाही.

मित्रांनो, मला जाळून टाका असं मी म्हणणार नाही. जगात खरंच किरकोळ गोष्टी असतात. कपाचा कान तुटतो, खिडकीची कडी सैल होते, तिथे मला खुशाल वापरा. पण किरकोळ काय ते ठरवण्याआधी ज्याचं दुखतंय त्याला विचारा. आणि तुमच्या दुखण्यावर कोणी न कळणारा शब्द उमटवला, तर शाई वाळायच्या आत त्याचा अर्थ विचारून घ्या, लाजू नका. तानाजीमामांनी विचारलं नव्हतं. दर वेळी ठसा बसला, की ते हात जोडून रोवेनाला 'थँक्यू' म्हणून जायचे.