न बघता घेतलेला शब्द

जयंतीबाईंच्या दारात मथुरा वीस वर्षं मासळी कापत होती. खारदांड्याहून जुहूच्या त्या सोसायटीत बुधवारी तिची फेरी ठरलेली. पाटी उतरवून तिने पापलेट उचललं, कल्ले उघडून आतला लाल रंग दाखवला. जयंतीबाईंनी वाकून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं, मगच मान हलवली.

"कल्पिताचं दोन विद्यापीठांत नाव लागलंय ना गं?"

"हो ताई. एक मुंबईतलं, एक दक्षिणेतलं, दोन्ही सरकारी. पोरीला दक्षिणेतलंच पायजे. समुद्राचं शिकवतात तिथं."

"सांभाळ हो. दोन सरकारी ठिकाणी नाव सापडलं की दोन्ही रद्द करतात, वर तीन वर्षं बंदी. एक आजच सोड. लांबचंच सोड, मुलीची जात, एकटी कशी राहणार?"

मथुराचा सुरा थांबला. शिकलेली बाई सांगते ते खोटं असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

बाजारात तिने शेजारच्या रेवतीला विचारलं, रेवतीने पुढे दोघींना. तासाभरात बातमीला पाय फुटले. पोरीचा दाखला खोटा निघाला म्हणे, पोलीस यायचेत म्हणे! घरी जाळं शिवत बसलेला तिचा नवरा अनंता म्हणाला, "सोडून टाक एक. नायतर दोन्ही जातील."

कल्पिता शिकवण्या घ्यायला गेली होती. अर्जावर नंबर आईचा होता, पासवर्ड फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला. मथुरा ती फाइल घेऊन दक्षिणेतली जागा सोडायला नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली.

"मावशी, नक्की ना? एकदा दाबलं की परत नाय हां," दुकानदार परेश म्हणाला.

"दाब."

मोबाइलवर आलेला ओटीपी तिने एकेक आकडा करून वाचून दाखवला.

संध्याकाळी कळल्यावर कल्पिता ओरडली नाही. तिने विद्यापीठाची सूचना उघडली आणि आईला वाचून दाखवली. शनिवारपर्यंत दोन्हींतलं एक निवडायचं होतं, बस. रद्द नव्हतं, बंदी नव्हती.

"आये, तुला कोणी सांगितलं?"

मथुराने नाव सांगितलं. कल्पिताने दोन दिवस फोन केले, मेल पाठवले. सोडलेली जागा परत मिळत नाही, एवढंच उत्तर आलं. मंगळवारी नवी यादी लागली. तिच्या जागी प्रतीक्षायादीतलं पहिलं नाव चढलं होतं: मुकुल. जयंतीबाईंचा मुलगा.

सुशिक्षित घरात खोटं बोलायला आवाज चढवावा लागत नाही. बुधवारी जयंतीबाईंनी हसतच पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "घे गं. कल्पिताला मुंबईतलं आहेच की. आणि तुमच्यातल्यांना काय, कुठेही मिळतं."

मथुराने पाटी डोक्यावरून उतरवली नाही. "माजी पोरगी खुल्या यादीत अकराव्या नंबरावर होती, ताई. ते बंदीचं तुम्हाला कोण बोललं?"

"अगं, ऐकलं होतं कुठेतरी."

"कुठं?"

आत उभा असलेला मुकुल खाली बघत म्हणाला, "आई, असा नियम नाहीये हे मी तुला तेव्हाच वाचून दाखवलं होतं."

जयंतीबाईंनी बॉक्सचं झाकण लावलं.

"वीस वर्षं मी तुम्हाला कल्ले उघडून दाखवले," मथुरा म्हणाली. "एक बांगडा तुम्ही न बघता घेतला नाय. तुमचा शब्द मात्र मी न बघता घेतला. माज्याच तोंडाने आकडे सांगून माज्या पोरीची जागा तुमच्या घरात आणून दिली."

ती जिना उतरली. त्या दारात पुन्हा गेली नाही. बाजारात मात्र तिने आपली चूक कुणापासून लपवली नाही. जो विचारील त्याला, न विचारील त्यालाही सांगितली.

कल्पिता मुंबईतल्या विद्यापीठात जाऊ लागली. समुद्र तिथे शिकवत नाहीत.

पुढच्या वर्षी दशरथ कोळ्याची मुलगी रडवेली होऊन मथुराच्या पाटीसमोर आली. "मावशे, लोक बोलतात, लांबच्या कॉलेजात आपल्या पोरींना हॉस्टेल देत नाय. बाबा बोलतो, नको जाऊ."

मथुराने सुरा खाली ठेवला, ओला हात लुगड्याला पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"कागद कुठाय? कागद दाखव पयला."