दांडा कापलेलं घर

"अजून घासतंय का?" घराखाली उताणा पडलेल्या वर्लिनने विचारलं.

"घासतंय. म्हणजे मला तरी तसं वाटतंय," वरून नेल्डा ओरडली. "तुझ्या न्हाणीघराच्या दाराशी माझी कुठे एवढी ओळख आहे!"

वर्लिनने जॅक जरा चढवला, तुळईखाली पाचर सारली आणि हातोड्याने ठोकली. जमिनीतला बर्फ वितळला की कॉटनवुड कोर्ट नावाच्या वसाहतीतली घरं दरवर्षी वाकडी व्हायची. कारखान्यात बनलेली, ट्रकमागून ओढून आणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलेली ती लांबट घरं. जमीन कुठे खचायची, कुठे फुगायची. मग घर पुन्हा सरळ करायचं. बायको डार्लिस होती तोवर वर ती उभी राहायची. दार लावून बघायची आणि पाय आपटायची. एकदा आपटला तर अजून उचल, दोनदा आपटला तर बस. बोलावं लागत नसे. ती या थंडीत गेली. शेजारची नेल्डा मदतीला आली खरी, पण बोलल्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं.

"विकायला काढलेल्या जागेवर घर सरळ करणारा तू एकटाच बघ," ती म्हणाली. "लागलं! लागलं दार!"

"अजून विकली नाहीये," वर्लिन खालून म्हणाला.

घरं त्यांची होती, खालची जमीन नव्हती. म्हातारा मालक वारला आणि त्याच्या मुलाला तिथे गोदामं बांधणारं गिऱ्हाईक मिळालं. राजधानीत एक विधेयक आलं होतं. अशी जमीन विकायची तर आधी तिथे राहणाऱ्यांना विचारायचं, त्यांना मिळून घ्यायची असेल तर त्यांनाच द्यायची. विधेयक पास झालं तर वर्लिनचं घर राहणार होतं. नाहीतर नाही.

पुढच्या आठवड्यात विधेयकाच्या सुनावणीला सगळे चर्चच्या गाडीतून राजधानीला गेले. वर्लिनने डार्लिसच्या दफनाला घातलेला कोट घातला, कारण दुसरा नव्हता. नेल्डाने हॅमची सँडविचेस केली होती. समितीच्या दालनात खायला मनाई होती, म्हणून तिने ती मांडीवर झाकून ठेवली. वास मात्र झाकला गेला नाही.

जमीनमालकांच्या बाजूने एक गृहस्थ आधी बोलले. ही चाकांवरची घरं आहेत, म्हणाले. जमीन विकली तर घर उचलावं आणि दुसरीकडे न्यावं. मग वर्लिनचं नाव पुकारलं.

समितीच्या अध्यक्ष बाई सौम्य होत्या. "मिस्टर हॉप्ट, तुमचं घर दुसरीकडे नेता येईल का?"

"नाही बाई. ते हलत नाही." वर्लिन ताठ उभा राहिला. "पुढचा ओढायचा दांडा मी स्वतः कापलाय. बायको म्हणाली, दांडा राहिला तर लोक म्हणतील, ही माणसं आज आहेत, उद्या नाहीत. चाकं आणि आस विकून टाकले. दांड्याच्या जागी तिने फुलझाडं लावली. ते घर आहे, बाई. गाडी नाही."

"माझाही कापलाय!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

खोटं नव्हतं. कोर्टात नवं बिऱ्हाड आलं आणि रुळलं की एखाद्या शनिवारी शेजारी जमायचे, बिअर उघडायचे, आणि कोणीतरी गॅसच्या ज्योतीने दांडा कापून द्यायचा. बायका टाळ्या वाजवायच्या. तीच त्यांची वास्तुशांत. ज्याचा दांडा शाबूत, तो परका.

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमच्यासारख्यांसाठीच आम्ही इथे बसलोय," त्या म्हणाल्या. परतताना गाडीत सगळ्यांनी वर्लिनच्या पाठीवर थापा मारल्या. गारढोण सँडविचेस खाल्ली.

उन्हाळ्याच्या तोंडावर नेल्डाचा फोन आला.

"अभिनंदन, वर्लिन. कायदा झाला. बाईंनी सभागृहात तुझं नाव घेतलं."

"मग?"

"जमीन आधी आपल्याला विचारायची, ते कलम काढून टाकलं. त्याशिवाय मतं मिळत नव्हती म्हणे. त्याऐवजी घर हलवायचा खर्च मालकाने द्यायचा."

"पण आपली तर..."

"हलवण्याजोगं असेल तर. दांडा, आस, चाकं जागच्या जागी पाहिजेत. अख्ख्या कोर्टात दांडा असलेलं घर एकच आहे. त्या बेवड्या लव्हर्नचं."

"त्याने का नाही कापला?"

"आळस! वीस वर्षं सगळे त्याला बोललो, मेल्या, माणसात ये. आता घर त्याचंच जाणार थाटात, आणि आपण बघत बसायचं."

ती हसायला लागली. हसता हसता तिने फोन ठेवला.

तरीही वर्लिनने घरं ओढून नेणाऱ्या डुएनला बोलावलं. पैसे मी घालतो, नवा दांडा जोड, म्हणाला. डुएन पेचकस घेऊन खाली शिरला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या मुठीत गंजाचे पापुद्रे होते.

"वर्लिन, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. जोडणार कशाला? लोखंडच उरलं नाही. पहिल्या वळणावर दोन तुकडे होतील. आणि नेशील कुठे? एवढं जुनं घर कुठलंच कोर्ट आत घेत नाही."

"न्हाणीघराचं दार बरोबर लागतं," वर्लिन म्हणाला. "आत येऊन बघ."

डुएन आत आला. त्याने दार उघडलं, लावलं, परत उघडलं.

"हो," तो म्हणाला. "छान लागतं."

त्याने फेरीचे पैसे घेतले नाहीत.

पानगळीपर्यंत कोर्ट रिकामं झालं. लव्हर्न घरासकट गेला, खिडकीतून सगळ्यांना हात हलवत. नेल्डा बहिणीकडे गेली. वर्लिनला गावात म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली मिळाली होती. सामान आदल्या दिवशीच नेलं होतं.

सकाळी घर पाडायला पोकलेन आलं तेव्हा वर्लिन पायरीवर बसला होता. बाजूला बादली आणि पोछा. पोकलेनवाला जाड, पन्नाशीचा माणूस होता. तो खाली उतरून दाराशी आला.

"गॅस बंद आहे का बघायचंय. आत जातो."

"बंद आहे," वर्लिन म्हणाला. "आत नका जाऊ. आत्ताच पुसून घेतलंय. ओलं आहे."

पोकलेनवाल्याने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. रिकाम्या घरातली जमीन टोकापासून दारापर्यंत चकाकत होती. मग त्याने आपल्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं.

"किती वेळ लागेल वाळायला?"

"खिडक्या उघड्या ठेवल्यात."

परत जाऊन पोकलेनवाल्याने इंजिन बंद केलं आणि थर्मासमधून कॉफी ओतून घेतली.