मडक्यातले साहेब

"मडकं काढलं, दगड काढले, आता हा ओंडकाही काढते. बघू मग कुठं जातात साहेब," असं म्हणत वहिनींनी कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

साहेब म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, मिशा असलेला, वीतभर मासा. भेटायला जावं तेव्हा ते कधीच जागेवर नसत, म्हणून हे नाव वहिनींनीच ठेवलेलं. टाकी भाऊजींची, म्हणजे वहिनींच्या धाकट्या दिरांची. बिनलग्नाचे भाऊजी भावाच्याच घरी राहत आणि एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की पुढचे शब्द पुरवायचे. नटाला ऐकू गेले पाहिजेत, पहिल्या रांगेला जाता कामा नयेत. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांच्याकडे आवाज तेवढाच उरला होता. जेवताना मीठ मागितलं तरी वाटे, कुणाचं तरी लफडं सांगतायत.

भाऊजी आता निवृत्त होत होते. शेवटच्या प्रयोगानंतर रंगमंचावर त्यांचा सत्कार करायचं घाटत होतं, आणि त्यासाठी कंपनीचे मॅनेजर संध्याकाळी घरी यायचे होते.

"पाहुण्यांना नुसतं पाणी काय दाखवायचं?" वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "त्यांच्या घरी नळ आहेत."

"त्यात मासा आहे ना पण," नवरा पेपराआडून म्हणाला.

"कुणी पाहिलाय?"

नवऱ्याने पान उलटलं. त्यानेही पाहिला नव्हता.

मॅनेजर आले तेव्हा टाकी आरशासारखी लख्ख होती. साहेब दिसत होते. फिल्टरच्या नळीमागे तोंड खुपसून, ठिपके पार पुसले गेलेले, भिजलेल्या कागदासारखे पांढरेफटक.

"आजारी आहे का हो?" मॅनेजरांनी विचारलं.

भाऊजी तेव्हा बाथरूममध्ये होते. चहा निवला, बिस्किटं संपली, तरी बाथरूममध्येच होते.

"आणते मी त्यांना स्टेजवर," वहिनी बंद दाराकडे बघत ठणकावून म्हणाल्या. "माझी जबाबदारी. दोन शब्द बोलतीलसुद्धा!"

दारामागचा नळ एकदम बंद झाला.

पाहुणे गेल्यावर भाऊजी बाहेर आले. टाकी पाहिली. रागावले नाहीत, रागावायचं म्हणजे आवाज लागतो. गॅलरीत वाळत पडलेलं मडकं त्यांनी आणून अलगद पाण्यात आडवं ठेवलं.

"वहिनी, मडकं असलं ना, की तो बाहेर येतो."

"म्हणजे आधी लपायची सोय करा, मग दर्शन देणार? सरकारी खातंच की!"

भाऊजी हसले. हसणंही शेजारच्याला कळेल एवढंच. "मागं जायला जागा आहे, एवढं दिसलं की पुरे होतं त्याला. मग जात नाही."

वहिनींना हे पटलं नाही. पण पुढे कितीतरी दिवस साहेबांनी काकडीच्या चकतीला तोंड लावलं नाही आणि वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. "मला पाण्यात बघतोय मेला," असं पुटपुटत त्यांनी बाजारातून आणखी एक मडकं आणलं, आधीच्यापेक्षा मोठं. भाजी निवडायला त्या टाकीपुढे बसू लागल्या. गप्प बसायची सवय नव्हती, जीव नुसता कासावीस होई.

एका दुपारी नव्या मडक्याच्या तोंडाशी दोन मिशा आल्या. मग डोकं. मग अख्खे साहेब काचेपाशी आले आणि काकडी कुरतडू लागले. ठिपके ताज्या शाईने काढल्यासारखे. "अहो, बघा" हे वहिनींच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. लग्नानंतर त्यांनी गिळलेला हा पहिलाच शब्द असावा.

संध्याकाळी त्यांनी मॅनेजरांना फोन लावला. "भाऊजींचं स्टूल विंगेत आहे तिथंच राहू द्या. सत्काराचं घड्याळ मी घेईन आणि बोलेनही मीच."

त्या दिवशी जेवताना भाऊजींनी मीठ जरा मोठ्याने मागितलं.

मग वहिनींनी भाषण पाठ केलं. स्वयंपाकघरात, भांड्यांच्या वर आवाज काढून. घरात ते सगळ्यांचंच पाठ झालं.

प्रयोग संपला. वहिनी रंगमंचावर आल्या, दिव्यांनी डोळे दिपले आणि समोरचा काळोख श्वास घेतोय असं वाटून त्यांची बोबडी वळली. गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणारी बाई, आणि तिला पहिलं वाक्यच आठवेना.

"माझे दीर या कंपनीत..." डावीकडून शब्द आले. कुणी अलगद हात धरावा तसे.

"माझे दीर या कंपनीत," वहिनी म्हणाल्या, "ऐन तारुण्यात आले."

"...सर्वांचे मनापासून आभार."

वहिनी थबकल्या. या दोन वाक्यांच्या मध्ये भाषण होतं. भाऊजींचं सगळं कौतुक होतं. ते भाऊजींनी कापून टाकलं होतं.

"आभार," विंगेतून पुन्हा आलं, जरा घाईने. या वेळी पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. तसं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

"गप्प बसा हो भाऊजी!" वहिनी अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाल्या. लोक हसले. वहिनींचा घसा मोकळा झाला.

"आमच्या यांचं ऑपरेशन होतं," त्या म्हणाल्या. हे पाठ केलेलं नव्हतं. "डॉक्टर विचारत होते, मला शब्द फुटत नव्हता. मागून एकेक शब्द येत होता, तो मी म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, बाई किती धीराच्या आहेत! सगळीकडे तेच सांगितलं गेलं. मीही कुणाला खरं सांगितलं नाही. आज सांगते. मागं भाऊजी उभे होते."

एवढंच. पुढचा शब्द येईल म्हणून त्या थांबल्या. विंगेतून काहीच आलं नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या. मान डावीकडे वळवायचा वहिनींना फार मोह झाला. पण टाकीपुढे बसत तशा त्या समोरच बघत राहिल्या. टाळ्या थांबत नव्हत्या. डोळ्याच्या कोपऱ्यात, काळोख संपतो तिथे, उजेडात एका जुन्या चपलेचं टोक आलं.

वहिनी हलल्या नाहीत.

मग दुसऱ्या चपलेचं.