चढावर पेटणारा लाल दिवा

मालकाने चौथ्यांदा ट्रक वर्कशॉपमध्ये आणून लावला तेव्हा तो कुणावर ओरडला नाही, आणि हेच वाईट लक्षण होतं. ओरडणारा माणूस अजून समजूत घालण्याजोगा असतो. मालकाने शांतपणे सांगितलं, की उद्या भरल्या गाडीने डोंगराचा चढ चढायचा, तो स्वतः शेजारी बसणार, आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर वर पोचताच ड्रायव्हर बदलायचा. गाडी जेमतेम वर्षाची. ती तापते ती ड्रायव्हरच्या जड पायामुळे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

ड्रायव्हर म्हणजे भोंगा. आवाजावरून पडलेलं नाव. अकरा वर्षं त्याने याच मालकाच्या गाड्या हाकल्या होत्या, एकदाही ठोकली नव्हती. आज तो जुन्या टायरवर बसून नखं कुरतडत होता, आणि ताई हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत होती.

ताई ही वर्कशॉपची अर्धी मालकीण आणि पूर्ण मिस्त्री. उरलेली अर्धी मालकी तिच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. दोघांनी मिळून त्या ट्रकचं काय काय केलं नव्हतं! रेडिएटर धुतला, पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटरचं झाकणसुद्धा नवं घातलं. दिवा आपला लागायचा तो लागतच होता.

हात टेकायची वेळ आली तेव्हा ताईने भोंग्याला एक साधी गोष्ट विचारली, जी इतक्या दिवसांत कुणालाच सुचली नव्हती. सपाटीवर काटा कुठे असतो?

"सपाटीवर? तिथे तर तो उठतच नाही, ताई. तळाशी लोळत पडतो. चढ लागला की मात्र सरळ लालमध्ये."

ताई जागच्या जागी थांबली. सपाटीवर गाडी तापतच नाही, याचं कारण तिला पाठ होतं, कारण ते कारण त्यांनी स्वतःच केलं होतं. या वर्कशॉपचा वडिलांपासूनचा शिरस्ता असा, की नवा ट्रक पहिल्या सर्व्हिसिंगला आला, की त्याचा थर्मोस्टॅट काढून टाकायचा. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटी झडप वडिलांच्या डोळ्यांत खुपायची. पाणी मोकळं फिरलं की इंजिन थंड, एवढा त्यांचा हिशोब, आणि त्यांच्या काळच्या इंजिनांना तो चालूनही गेला.

मग थंड राहणारं इंजिन चढावर का तापावं? तिने थर्मोस्टॅटच्या जागेचं झाकण उघडलं आणि आत बोट घालून चाचपलं. गरम पाण्याला तिथून दोन वाटा होत्या. एक रेडिएटरकडे, पाणी निवायला जाणारी. दुसरी जवळची, रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे, म्हणजे पुन्हा इंजिनातच. जुन्या गाड्यांत ही आडवाट करंगळीएवढी असायची. या गाडीत चांगली मनगटाएवढी होती. तापलेलं पाणी निवायला न जाता निम्मं तिथूनच परत फिरत होतं. सपाटीवर ते खपून जायचं. भरल्या गाडीने चढ चढताना कसं खपणार?

तिला लाज वाटली. एका माणसाची अकरा वर्षं आपल्या शिरस्त्यापायी मातीत जाणार होती. पण लाजेच्या पाठोपाठ असा काही आनंद उसळला, की ती दुकानातून नवा थर्मोस्टॅट घेऊन अक्षरशः धावत परत आली.

दादा ऐकेना. वडील काय वेडे होते का, हा त्याचा एकच प्रश्न. ताईने वाद घातला नाही. घर वर्कशॉपच्या मागेच होतं. तिने वहिनीचं दुधाचं पातेलं उचललं, पाणी भरून गॅसवर ठेवलं आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने आत सोडला. पातेल्याचा उद्धार करत वहिनी शेजारी उभी राहिली, दादाही मान वाकवून बघायला लागला. पाणी चांगलं वाफाळलं तशी वरची झडप हळूहळू उघडली, आणि तिच्याबरोबर खालची चकती खाली सरकली.

"वरची उघडते ती रेडिएटरची वाट," ताई म्हणाली. "खालची चकती ती आडवाट बंद करते. आपण हे काढलं म्हणजे आडवाटेचं दारच काढून टाकलं."

दादाने दोरा धरून थर्मोस्टॅट पाण्याबाहेर काढला. मग म्हणाला, "झाकणाखालचं नवं पॅकिंग काढ. बसवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये चौघं दाटीवाटीने बसले. सपाटीवर काटा उठला आणि मध्यावर येऊन थांबला. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर तो तिथे कधी दिसला नव्हता. चढ सुरू झाला. दर वेळी दिवा लागायचा ते वळण आलं. भोंग्याने श्वास रोखला, मालक पुढे वाकला, ताईने तर डोळेच मिटले. उघडले तेव्हा वळण मागे पडलं होतं. काटा किंचित वर सरकला, तिथे टिकला, आणि उरलेला चढ गाडी अशी चढली, की मोकळी आहे असं वाटावं. माथ्यावर ताईने दादाच्या पाठीत धपाटा घातला. भोंगा नुसता हसत होता.

मालक खाली उतरला. काय दुरुस्ती केली म्हणून त्याने विचारलं. काम भागलं होतं; किरकोळ दुरुस्ती होती म्हटलं असतं तरी त्याने मान डोलावली असती. ताई तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच बोलला.

"दुरुस्ती नाही, मालक. चूक निस्तरली. या गाडीचा एक भाग मीच माझ्या हाताने काढून टाकला होता, आणि तुम्ही वर्षभर याला बोल लावत होता. हिने शोधलं."

मालकाने आधी दादाकडे पाहिलं, मग भोंग्याकडे. त्याचा चेहरा उतरला. माफी मागायची सवय नसलेला माणूस. त्याने दोनदा घसा खाकरला आणि अखेर भोंग्याला म्हणाला.

"नवीन ट्रक येतोय पुढच्या महिन्यात. तो तू चालवायला घे."

भोंग्याने आपल्या ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं, पण हात ठेवता येईल इतकंच.

"नको, मालक," तो म्हणाला. "मी हीच चालवतो."