डी ड्राइव्हमधली पत्रिका

“फॉरमॅट हा शब्द पुन्हा काढलास ना हृतिक, तर तुला चहासुद्धा मिळायचा नाही,” मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या पोराला म्हटलं.

“मॅडम, सतरा-अठरा वर्षांचा डबा आहे हा. नवीन विंडोज मस्त चाललंय त्यावर. कशाला परत जुनं टाकायचं?”

मस्त चाललंय म्हणे! मी त्याला एक लग्नपत्रिका उघडून दाखवली. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. पनवेलच्या लाइन आळीत मी पंचवीस वर्षं मराठी टायपिंग करते. माझ्या सगळ्या पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये, आणि माझ्याकडचा तो फॉन्ट जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. हे मी नवऱ्याला, आमच्या दाऊदमियांना, शंभरदा सांगितलंय. पण मी दोन महिने लेकीच्या, यूम्नाच्या बाळंतपणाला कतारला, दोह्याला काय गेले, नवऱ्याने मला खूश करायला कुणाला तरी बोलावून सी ड्राइव्ह पार पुसून घेतला आणि वर नवं विंडोज चढवलं. परवा विमानातून उतरल्यावर गाडीत मला विचारतात, “कसं वाटलं सरप्राइज?” तोबा! मी घरी येईपर्यंत बोलले नाही.

आणि आज दुकान उघडल्या उघडल्या सुकापूरच्या गोदूवहिनी हजर. डोक्यावरून पदर घेऊन बाकड्यावर बसल्या होत्या.

“माज्या पोरीचा, दिपिकाचा लगीन ठरलाय, बाय. थोरल्या भावेशच्या लग्नाची पत्रिका काढलेलीस ना, तशीच काढ. नावा सगली तीच.”

“अगं बाई, मुबारक! कधी आहे?”

“ईस दिवसांवर.”

“इतक्या घाईत? मग तुमच्या मालकांना, कमळाकरभाऊंना पाठवा ना, नावं त्यांना तोंडपाठ.”

“तुज्या डब्यान बघ ना,” वहिनी म्हणाल्या. “मना वाचता येत नाय. भावेशला चुलत्यांची नावा धड ठावं नायत. एक नाव रायला तं अख्खा घर लग्नाला येनार नाय.”

ते मात्र खरं. त्यांच्याकडची पत्रिका म्हणजे दीडशे नावं, तीही मानाच्या क्रमाने. आजा, काका, मामा, सगळ्यांचे जावई, शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी किलबिल. भावेशच्या वेळी कमळाकरभाऊंनी माझ्या स्टुलावर बसून, हातात कागद न घेता, सगळी यादी तोंडाने सांगितली होती. छापलेल्या पत्रिका होत्या त्या सुकापूरचं जुनं घर पाडून बिल्डिंग झाली तेव्हा गेल्या. म्हणजे ती नावं आता एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या डी ड्राइव्हमध्ये.

आणि तिथेच माझं जुनं विंडोजही होतं. ही अविनाशची कृपा. हृतिकच्या आधी तो माझा हार्डवेअरवाला, आता पुण्याला असतो. मशीन नवं घेतलं तेव्हाच त्याने विंडोजची अख्खी सीडी हार्ड डिस्कमध्ये उतरवून ठेवली होती. “सीडीला बुरशी लागते ताई, हे घरातच असू दे.” फॉन्टही तिथेच ठेवला, आणि मधूनमधून येऊन सीवरच्या पत्रिकांची प्रतही तिथे टाकून जायचा.

“सीडीच नको मग,” हृतिकचे डोळे चमकले. “हार्ड डिस्कमधूनच चढवू.”

त्याने पेन ड्राइव्ह लावून काळी स्क्रीन आणली, डीमधल्या फोल्डरात शिरला, एक ओळ टाइप केली. निळी स्क्रीन आली. त्यावर दोन ड्राइव्हच्या दोन ओळी. दोन्ही चाळीस चाळीस जीबीच्या.

हृतिक कपाळ खाजवायला लागला. “मॅडम, यातली सी कुठली? कधी कधी इथे सी आणि डी ही अक्षरं उलटीपालटी दिसतात. चुकीची पुसली तर…”

“तर काय?”

“तर गेलं सगळं.”

मागून वहिनींनी विचारलं, “काय जाला?” मी नुसताच हात हलवला, वळलेसुद्धा नाही. चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावलं. खालच्या ओळीत, कंसात, इंग्रजीत ‘यूम्ना’ लिहिलेलं. या खुदा! अविनाशने विचारलं होतं, ड्राइव्हला नाव काय देऊ, आणि मी लेकीचं सांगितलं होतं. तेव्हा ती पाचवीत होती.

“हिला हात लावशील तर बघ. वरची पूस.”

हृतिकने एंटर दाबलं. थोड्या वेळाने स्क्रीनवर आलं, एकोणचाळीस मिनिटं बाकी. मी चहा मागवला आणि जीव जरा खाली पडला म्हणून माझं तोंड सुटलं.

“तुला गंमत सांगते हृतिक. भावेशच्या पत्रिकेत मी यांच्या भाऊंना मारलं होतं.”

“म्हणजे?”

“अरे, आधीच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाचे वडील वारलेले. ती फाइल कॉपी केली, नावं बदलली आणि ‘कै.’ तसंच राहिलं. ‘कै. कमळाकर यांचे ज्येष्ठ चिरंजीव.’ चारशे पत्रिका छापून झालेल्या! या वहिनी इथे उभ्या राहून असं ओरडल्या की समोरचा कापडवाला धावत आला. आणि भाऊ? भाऊ स्टुलावर बसून खो खो हसतायत. म्हणे, जित्या मानसाला मेला म्हटला का त्याचा आयुष्य लांबतो, मुबीनाने मना दहा वरसा दिली. हो ना वहिनी?”

“सतरा दिलीस,” वहिनी म्हणाल्या.

मी हसले. “आणि तेव्हापासून फोन केला की काय म्हणतात माहितेय? हॅलो, कैलासवासी बोलतोय! दोह्यात त्यांचा एक मिस्ड कॉल दिसला होता, परत फोन करायचा राहूनच गेला. सांगा त्यांना, मुबीना आली म्हणून.”

हृतिक हसला. वहिनींनी चहा तसाच ठेवला होता. लग्नघरची बाई, असेल डोक्यात सतरा कामं, असं मला वाटलं. माझं सगळं लक्ष त्या मिनिटांकडे.

अखेर जुन्या विंडोजची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. हृतिकने फॉन्ट टाकला. मी डी उघडला, भावेशची फाइल शोधली, दोनदा क्लिक केलं आणि श्वास धरून बसले.

‘॥ श्री गणेशाय नमः ॥’

स्वच्छ मराठी. मी टाळी वाजवली. “आली वहिनी, आली! सगळी नावं आहेत.” आणि मोठ्याने वाचायला लागले. “आमचे येथे श्रीकृपेकरून सुकापूर येथील कै. कमळा…”

मी जीभ चावली. दुरुस्त केलेली फाइल सीमध्ये होती, ती नवऱ्याने पुसली. डीमध्ये अविनाशने चूक सापडायच्या आदल्या दिवशी टाकलेली प्रत होती, ती नंतर बदललीच नव्हती. जिथल्या तिथे चूक!

“बघा, पुन्हा तेच! थांबा, आधी हे काढते, नाहीतर भाऊ मला जिवंत सोडायचे नाहीत.” मी कर्सर ‘कै.’वर नेला.

“ऱ्हाऊ दे,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, राहू दे काय? ते कै. आहे, कैलासवासी.”

“ऱ्हाऊ दे बाय. आता बरोबर हाय.”

माझा हात माऊसवरच राहिला. सकाळपासून पहिल्यांदा मी वळून त्यांच्याकडे नीट बघितलं. पदराखालचं कपाळ मोकळं होतं. हातात एक बांगडी नव्हती. दोन तास ही बाई माझ्या पाठीशी बसली होती, आणि मी हसत होते.

“कधी?” मी विचारलं.

“आज चौतीस दिस जाले. झोपेतच गेले. लगीन वरसाच्या आत उरकायला पायजे, नाय तं पोरीला तीन वरसा थांबाया लागल.” त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. “शेवटच्या दिशी तुला फोन लावलेला. दिपिकाचा ठरवायचा चाललाय, मुबीनाला आधीच सांगतो, म्हनाले.”

हृतिक हळूच उठून बाहेर गेला. मला त्या बाईचे पाय धरावेत असं वाटलं.

“मी तुमच्यासमोर काय काय बोलले वहिनी. अल्ला मला माफ करो.”

“चांगला बोललीस. तेंचा हसना ऐकाया आला मना.” त्यांनी डोळे पुसले आणि स्टूल माझ्याजवळ ओढून घेतलं. भाऊ बसायचे तेच स्टूल. “तेंच्या खाली माजा नाव हाय ना? काय लिवलाय?”

“सौ. गोदू.”

“तेवढा सौ. काढ. आनि फुडं वाच, सावकाश. कोन कोन गेला ते मी सांगते.”

मी कर्सर एक ओळ खाली आणला. त्या जुन्या फॉन्टमध्ये ‘सौ.’ पुसायला बॅकस्पेस तीनदा दाबावं लागतं.